कॉपीराइटची नोटीस इंटरनेट कंपनीमार्फत आली तर काय तपासायचं, काय विचारायचं

गाणी बेकायदा वाटली जात असल्याची तक्रार एखादी म्युझिक कंपनी करते, तेव्हा तिच्या हातात तुमचं नाव नसतं. असतो एक आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या कनेक्शनला मिळालेला क्रमांक, आणि एक वेळ. त्यावरून नाव आणि पत्ता काढून देऊ शकते ती फक्त तुमची इंटरनेट कंपनी. तुमच्या खासगीपणाला धोका आहे तो याच ठिकाणी, आणि चुकाही बहुतेक इथेच होतात. म्हणून नोटीस आली की घाबरून उत्तर देण्याआधी आयपी ॲड्रेसची आणि नावाची ही जोडणी नीट तपासायची. ती कशी तपासायची आणि नोटीस येण्याआधीच काय करून ठेवायचं, ते पुढे दिलं आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. गाणं बेकायदा वाटणं हे बेकायदाच आहे आणि खासगीपणाच्या कुठल्याही उपायाने ते कायदेशीर होत नाही. पण ज्याने काही केलं नाही त्याच्या दारात नोटीस येणं, किंवा काही जणांना पकडायचं म्हणून सगळ्या ग्राहकांचा ट्रॅफिक, म्हणजे इंटरनेटवरून येणारा-जाणारा मजकूर, उघडून बघणं, हेही तितकंच चुकीचं आहे.

तुमचा आयपी ॲड्रेस त्यांना मिळतो कसा

बहुतेक नोटिसा बिटटॉरेंटवरून, म्हणजे फायली तुकड्यातुकड्यांनी एकमेकांत वाटण्याच्या पद्धतीवरून, येतात. टॉरेंटने फाइल उतरवणारा प्रत्येक जण त्याच वेळी तिचे तुकडे इतरांना देतही असतो. त्या फाइलभोवती जमलेल्या सगळ्या पीअर्सचे (तुकडे देणाऱ्या-घेणाऱ्यांचे) आयपी ॲड्रेस एकमेकांना दिसतात. दिसले नाहीत तर तुकडे पोचणारच नाहीत. हक्कधारकांनी नेमलेली देखरेख कंपनी त्याच गर्दीत एक पीअर म्हणून शिरते आणि समोर दिसतील ते ॲड्रेस, पोर्ट (त्या ॲड्रेसवरच्या जोडणीचा क्रमांक) आणि वेळा टिपून ठेवते. यासाठी तिला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरावं लागत नाही आणि इंटरनेट कंपनीची मदतही लागत नाही. मदत लागते ती पुढच्या पायरीवर, नाव काढताना.

टिपण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. थेट पद्धतीत देखरेख कंपनी तुमच्या ॲड्रेसशी प्रत्यक्ष जोडली जाते आणि फाइलचा एखादा तुकडा उतरवून घेते. दुसऱ्या पद्धतीत ती ट्रॅकरकडून, म्हणजे पीअर्सची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरकडून, फक्त पीअर्सची यादी घेते आणि यादीत जे ॲड्रेस असतील त्यांना दोषी धरते. ट्रॅकरला खोटा ॲड्रेस सांगता येतो, कारण प्रोटोकॉलमध्येच ॲड्रेस वेगळा कळवण्याची सोय आहे आणि काही ट्रॅकर तो न तपासता मान्य करतात. २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे प्रयोग करून दाखवलं. ज्या नेटवर्क प्रिंटरने आयुष्यात एक फाइल उतरवली नव्हती, त्याच्या ॲड्रेसवर कॉपीराइटच्या नोटिसा आल्या. म्हणून नोटिशीत कोणती पद्धत वापरली आहे ते बघायचंच, आणि लिहिलेलं नसेल तर विचारायचं.

यूट्यूबसारख्या ठिकाणी व्हिडिओवर येणारा कॉपीराइटचा दावा हा वेगळा विषय आहे. तो तुमच्या खात्यावर येतो, त्याचा इंटरनेट कंपनीशी संबंध नसतो. परवाना असलेल्या सेवेवर गाणी ऐकल्याने नोटीस येत नाही. मात्र काही फुकट सिनेमे किंवा गाणी दाखवणारी ॲप आतून बिटटॉरेंटच चालवतात. आपण फक्त बघतोय असं वाटतं आणि ॲप मागच्या मागे इतरांना तुकडे पाठवत असतं.

नोटीस हातात आली की

पहिलं काम म्हणजे ती खरी आहे का ते बघणं. तातडीने पैसे भरा, या लिंकवर जा, नाहीतर कारवाई होईल, अशी भाषा वापरून फसवणाऱ्या बनावट नोटिसा भरपूर फिरतात. ईमेलमधल्या लिंकवर किंवा फोन नंबरवर जाऊ नका. बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करून कंपनीला विचारा की तुम्ही ही नोटीस पाठवली आहे का आणि तिचा संदर्भ क्रमांक काय. खऱ्या नोटिशीतही तडजोडीची रक्कम मागितली जाऊ शकते, पण त्याला कायद्याचा आधार असतोच असं नाही. कॅनडात तर डिसेंबर २०१८ पासून अशा नोटिशीत पैशांची मागणी घालायलाच मनाई आहे.

दुसरं काम, राउटर बंद-चालू करू नका. सगळेच घाईघाईने तेच करतात आणि पुरावा घालवून बसतात. बऱ्याच घरगुती राउटरचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, तात्पुरत्या मेमरीत असतो, वीज गेली की तो पुसला जातो. शिवाय रीस्टार्टनंतर नवा आयपी ॲड्रेस मिळण्याची शक्यता असते. आधी राउटरच्या पानावर जाऊन या चार गोष्टींचे स्क्रीनशॉट घ्या: सध्याचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला ॲड्रेस), सिस्टिम लॉग, जोडलेल्या उपकरणांची यादी आणि यूपीएनपीचा तक्ता (कोणत्या उपकरणाने कोणता पोर्ट उघडून घेतला त्याचा). त्याच न्यायाने कॉम्प्युटरवरचंही काही पुसू नका. नोटीस मिळाल्यानंतर फायली उडवल्या तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप येतो, आणि मूळ तक्रारीपेक्षा तो जड जाऊ शकतो.

आता नोटिशीतला तांत्रिक भाग वाचा. तो साधारण असा असतो:

आयपी ॲड्रेस: २०३.०.११३.४५
पोर्ट: ५१४१३
वेळ: २२ मार्च, २१:१४:०७ यूटीसी
प्रोटोकॉल: बिटटॉरेंट
फाइलचं नाव आणि आकार
इन्फो-हॅश: ४० अक्षरांचा आकडा

यातली एकेक ओळ घेऊ.

वेळ. सर्वांत जास्त घोळ इथे होतो. यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) वेळ आधी तुमच्या स्थानिक वेळेत आणा. तुमचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल, तर वरची वेळ २३ मार्चच्या पहाटे २:४४:०७ होते. म्हणजे तारीखसुद्धा बदलते. २२ तारखेला रात्री सव्वानऊला घरात कोण होतं हे आठवत बसाल तर चुकीच्याच रात्रीचा शोध घ्याल. नोटिशीत टाइमझोन लिहिलेलाच नसेल तर ती नोटीस अपुरी आहे, तसं लेखी कळवा. आयपी ॲड्रेस बदलता असेल तर एका तासाच्या फरकानेसुद्धा तो दुसऱ्याच ग्राहकाकडे गेलेला असू शकतो. आयर्लंडमध्ये नेमकं हेच झालं. तिथल्या एअरकॉम कंपनीने म्युझिक कंपन्यांशी झालेल्या तडजोडीनुसार ग्राहकांना इशारे पाठवायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१० मध्ये उन्हाळी वेळ संपून घड्याळं एक तास मागे गेली, यंत्रणेतलं घड्याळ मात्र बदललं नाही, आणि सुमारे ३०० ग्राहकांना चुकीच्या नोटिसा गेल्या.

आयपी ॲड्रेस. नोटिशीतला ॲड्रेस त्या वेळी खरंच तुमच्याकडे होता का? राउटरच्या लॉगमध्ये कनेक्शन कधी जोडलं गेलं आणि कोणता ॲड्रेस मिळाला याची नोंद असते. ती मिळाली तर ताडून बघा. मात्र राउटरचं घड्याळ बरोबर आहे ना ते आधी पाहा. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ लावून घेण्याची सोय) बंद असेल तर काही राउटर १ जानेवारी १९७० पासून वेळ मोजत बसतात आणि तो लॉग निरुपयोगी ठरतो.

पोर्ट. बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक ॲड्रेस एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्याकडे ते आहे का हे बघायला राउटरमधला वॅन आयपी आणि आयपी दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर दिसणारा ॲड्रेस शेजारी ठेवा. दोन्ही वेगळे असतील आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर सीजीनॅट आहे. अशा कनेक्शनवर नुसत्या आयपी ॲड्रेसवरून ग्राहक ठरवता येत नाही. पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ दोन्ही लागतात, आणि कंपनीनेही पोर्टसकट नोंद ठेवलेली असावी लागते. नोटिशीत पोर्ट नसेल आणि तुम्ही सीजीनॅटमागे असाल, तर तुमचं नाव कसं निघालं हा प्रश्न विचारायलाच हवा.

हॅश. फाइलच्या नावावर जाऊ नका, नाव काहीही देता येतं. टॉरेंटची खरी ओळख म्हणजे हॅश, त्यातल्या मजकुरावरून काढलेला ठसा. घरात कोणी टॉरेंट वापरत असेल तर त्याच्या प्रोग्रॅममधल्या यादीशी हॅश जुळवा. लिनक्सच्या प्रती, इंटरनेट आर्काइव्हवरचं साहित्य अशा कित्येक गोष्टी टॉरेंटवर कायदेशीरपणे मिळतात, तेव्हा प्रोग्रॅम असणं हा काही गुन्हा नाही.

घरातलं कोणतं उपकरण

ॲड्रेस आणि वेळ तुमचीच निघाली, तरी ती ओळख कनेक्शनची आहे, माणसाची नाही. राउटरमागे दहा उपकरणं असली तरी बाहेरून एकच ॲड्रेस दिसतो.

इथे यूपीएनपीचा तक्ता कामाला येतो. टॉरेंट प्रोग्रॅम सुरू झाला की तो राउटरला सांगून बाहेरचा पोर्ट स्वतःकडे वळवून घेतो. तक्त्यात ‘५१४१३, टीसीपी, १९२.१६८.१.२३’ अशी ओळ दिसली तर .२३ हे उपकरण कोणतं ते जोडलेल्या उपकरणांच्या यादीत शोधा. प्रोग्रॅम बंद झाल्यावर ही ओळ निघून जाऊ शकते, म्हणूनच स्क्रीनशॉट आधी घ्यायला सांगितला. यादीत ओळखीपेक्षा जास्त उपकरणं दिसली तर लगेच चोर शिरला असं समजू नका. हल्लीचे फोन मॅक ॲड्रेस (वायफायवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) बदलून वापरतात, त्यामुळे एकच फोन दोनदा दिसू शकतो. घरातली सगळी उपकरणं एकेक करून वायफायवरून काढा. तरीही काही जोडलेलं राहिलं, तर ते बाहेरचं आहे.

बाहेरचं निघालं किंवा शंका उरली, तर स्क्रीनशॉट घेऊन झाल्यावर या क्रमाने करा. राउटरच्या ॲडमिन पानाचा मूळ पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड आणि हा वेगवेगळे असतात आणि ॲडमिनचा बदलायचा राहून जातो. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा, कारण त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि त्यामुळे जेमतेम ११,००० प्रयत्नांत तो फुटू शकतो; वायफायचा पासवर्ड कितीही मोठा असला तरी इथे त्याचा उपयोग नाही. वायफायच्या सुरक्षेची सेटिंग डब्ल्यूपीए३ वर ठेवा, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२ एईएसवर. फर्मवेअर, म्हणजे राउटरमधलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा. गरज नसेल तर यूपीएनपी बंद ठेवा. एनटीपी चालू करा आणि टाइमझोन तपासा. लॉग दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवण्याची सोय राउटरमध्ये असेल तर ती सुरू करा, म्हणजे वीज गेली तरी नोंदी राहतील.

उघडं वायफाय ठेवणाऱ्यांनी एक निकाल लक्षात ठेवावा. सोनी म्युझिकशी संबंधित खटल्यात युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये म्हटलं की फुकट वायफाय देणारा दुकानदार ग्राहकांच्या कॉपीराइटभंगाची भरपाई देणं लागत नाही, पण पासवर्ड लावण्याचा आणि तो घेणाऱ्याची ओळख विचारण्याचा आदेश त्याला देता येतो. भरपाईतून सुटका होते, पण खासगीपणाची किंमत मोजावी लागते.

इंटरनेट कंपनीला काय लिहायचं

फोनवर बोलून थांबू नका, लेखी विचारा. मजकूर असा ठेवता येईल:

‘आपली दिनांक अमुकची, संदर्भ क्रमांक तमुकची नोटीस मिळाली. या पत्राने मी कोणताही आरोप मान्य करत नाही. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. एक, नोटिशीतील वेळ कोणत्या टाइमझोनची आहे आणि तो ॲड्रेस त्या वेळी माझ्या कनेक्शनला दिला असल्याची नोंद. दोन, सीजीनॅट वापरात असल्यास त्या वेळी मला दिलेले पोर्ट. तीन, तक्रारदाराने थेट जोडणी करून तुकडा उतरवला होता, की केवळ ट्रॅकरची यादी वापरली. चार, माझे नाव, पत्ता किंवा अन्य माहिती आपण कोणाला दिली आहे का. दिली असल्यास केव्हा आणि कोणत्या कायद्याखाली किंवा न्यायालयाच्या आदेशाने. पाच, या नोटिशीची नोंद माझ्या खात्यावर राहणार असल्यास किती काळ. सहा, माझ्या ट्रॅफिकच्या मजकुराची कोणतीही तपासणी केली जाते का.’

यातला चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. बहुतेक वेळा कंपनी नोटीस फक्त पुढे पाठवते आणि तुमचं नाव तक्रारदाराला कळलेलंच नसतं. अशा वेळी तुम्हीच तक्रारदाराला उलट ईमेल केला, तर जे नाव मिळवायला त्याला न्यायालयात जावं लागलं असतं ते तुम्ही आपण होऊन देता. तक्रारदाराशी थेट पत्रव्यवहार करू नका. ‘मुलाने चुकून केलं असेल’ असं सौम्य वाक्यसुद्धा नको. न्यायालयाचं समन्स किंवा वकिलाचं पत्र आलं, तर मात्र दुर्लक्ष करायचं नाही. त्यातली मुदत बघून वकिलाकडे जायचं.

युरोपीय संघात राहणाऱ्यांना जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या १५ व्या कलमाखाली आपली सगळी माहिती मागता येते आणि कंपनीने साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं. पत्रात कलमाचा उल्लेख केला की ते ग्राहकसेवेत न रेंगाळता योग्य टेबलावर पोचतं. अन्यत्र तुमच्या देशाच्या माहिती-संरक्षण कायद्याचं नाव घाला.

पत्र लवकर पाठवा. आयपी ॲड्रेसच्या नोंदी कायम राहत नाहीत. कॅनडात नोटीस पोचल्यावर कंपनीने ग्राहकाची ओळख पटवणारी नोंद ६ महिने जपायची असते, खटला दाखल झाला तर १ वर्ष. इतरत्र मुदती वेगळ्या आहेत. नोंद पुसली गेली की तुमचं निर्दोषत्व सिद्ध करणारा कागदही गेला.

कंपनी स्वतःच किती बघू शकते

बाहेरची देखरेख कंपनी गर्दीत उभी राहून बघते, इंटरनेट कंपनी मात्र तारेवरच बसलेली असते. डीप पॅकेट इन्स्पेक्शन लावलं की पॅकेटच्या आतला मजकूर तपासता येतो. साध्या बिटटॉरेंट जोडणीची सुरुवात १९ या आकड्याच्या बाइटने आणि त्यापुढे प्रोटोकॉलच्या १९ अक्षरी नावाने होते, त्यामुळे ती क्षणात ओळखू येते. टॉरेंट प्रोग्रॅममधलं एन्क्रिप्शन (मजकूर वाचता येणार नाही असा करणं) चालू केलं की ही ओळख झाकली जाते, पण गर्दीतल्या पीअर्सना तुमचा ॲड्रेस दिसायचा तो दिसतोच. एन्क्रिप्शन टिक केलं म्हणजे आपण अदृश्य झालो, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

वेबसाइटच्या बाबतीत, एचटीटीपीएस (साइटशी एन्क्रिप्टेड जोडणी) असेल तर पानावर काय वाचलं ते कंपनीला दिसत नाही. दिसतं ते साइटचं नाव, वेळ आणि किती डेटा गेला. नाव दोन ठिकाणांहून गळतं: डीएनएस विचारणेतून (साइटच्या नावावरून तिचा ॲड्रेस शोधताना) आणि जोडणीच्या सुरुवातीच्या एसएनआयमधून (ब्राउझर साइटचं नाव सांगतो त्या भागातून). पहिली गळती ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सुरक्षित डीएनएस चालू करून बंद होते. दुसरीसाठी एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो ही ते नाव झाकणारी सोय लागते, आणि ती ब्राउझर व साइट दोन्हीकडे असेल तरच चालते.

व्हीपीएनने, म्हणजे तुमचा ट्रॅफिक झाकून आपल्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सेवेने, इंटरनेट कंपनीला दिसणारं चित्र आणखी कमी होतं, फक्त विश्वास एका कंपनीकडून दुसरीकडे जातो. घेताना नोंदी ठेवण्याचं धोरण आणि बाहेरच्या तपासणीचा अहवाल वाचा. मग स्वतः तपासा: व्हीपीएन चालू करून आयपी दाखवणारी साइट उघडा आणि आयपीव्ही४, आयपीव्ही६ (आयपी ॲड्रेसचे जुना आणि नवा प्रकार), डीएनएस व वेबआरटीसी (ब्राउझरमधली कॉलची सोय) या चारही ठिकाणी मूळ ॲड्रेस दिसत नाही ना ते बघा. आयपीव्ही६ सर्वांत जास्त वेळा गळतं. किल स्विच (व्हीपीएन तुटलं की इंटरनेट थांबवणारी सोय) चालू करून व्हीपीएनचा प्रोग्रॅम मुद्दाम बंद पाडा. इंटरनेट थांबलं नाही तर किल स्विच नावापुरताच आहे. टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरून टॉरेंट चालवू नका. टॉरेंट प्रोग्रॅम वापरतात ती यूडीपी पद्धत टॉर वाहून नेत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम बाजूने बाहेर पडून खरा ॲड्रेस सांगून बसतो.

कंपन्या एवढ्या तत्पर का, आणि मर्यादा कुठे

अमेरिकेत वारंवार कॉपीराइटभंग करणाऱ्या ग्राहकांची कनेक्शन तोडण्याचं धोरण असेल तरच इंटरनेट कंपनीला कायद्याचं संरक्षण मिळतं. २०१९ मध्ये तिथल्या ज्युरीने कॉक्स या कंपनीवर म्युझिक कंपन्यांच्या बाजूने १ अब्ज डॉलरची भरपाई लादली. पुढे अपिलात ती रक्कम रद्द झाली, पण अशा आकड्यांपुढे शंका आलेल्या ग्राहकाची बाजू कोण घेणार? म्हणून आपली बाजू कागदावर आपणच मांडायला हवी.

दुसरीकडे काही भक्कम निकालही आहेत. वेरायझनच्या खटल्यात डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने ठरवलं की नुसतं ट्रॅफिक वाहून नेणाऱ्या इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचं नाव काढायला कारकुनाच्या सहीचं जलद समन्स चालणार नाही. बेल्जियमच्या साबाम या संगीत-हक्क संस्थेने स्कार्लेट कंपनीकडून सगळ्या ग्राहकांचा ट्रॅफिक गाळण्याची मागणी केली होती. २४ नोव्हेंबर २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने असा सरसकट, बेमुदत फिल्टर नाकारला. फ्रान्समध्ये बेकायदा डाउनलोडविरुद्धच्या २००९ च्या हाडोपी कायद्यातला कनेक्शन तोडण्याचा अधिकार आधी घटनापरिषदेने प्रशासकीय संस्थेकडून काढून घेतला, आणि २०१३ मध्ये ही शिक्षाच रद्द झाली. त्याच यंत्रणेबद्दल ३० एप्रिल २०२४ च्या निकालात युरोपीय न्यायालयाने आयपीवरून नाव काढायला परवानगी दिली, पण अटींवर: नाव-पत्ता आणि बाकीचा डेटा कंपनीने अलग ठेवायचा, आणि माणसाच्या खासगी आयुष्याचं चित्र उभं राहण्याइतकी माहिती एकत्र होण्याआधी न्यायालयाची किंवा स्वतंत्र संस्थेची तपासणी हवी.

कंपनीने तुमच्या सहा प्रश्नांना उत्तर दिलं नाही किंवा आदेशाशिवाय नाव दिल्याचं कळलं, तर तक्रार माहिती-संरक्षण नियामकाकडे करा. सोबत नोटीस, तुमचं पत्र, ते पोचल्याचा पुरावा आणि वेळ बदलून दाखवलेला एक कागद जोडा. त्या कागदावर एका बाजूला नोटिशीतली यूटीसी वेळ, दुसऱ्या बाजूला तुमच्या राउटरच्या लॉगमधली ओळ, दोन्ही सेकंदासकट लिहा. एअरकॉमच्या चुकीची चौकशीही आयर्लंडच्या अशाच नियामकाने केली होती.